मोजणी शून्यावर आली, माणूस नाही



आजचं वाचन: गीता, अध्याय २, श्लोक ५९. जोडीला त्याच अध्यायातला श्लोक ४०.

५९ व्या श्लोकाचा साधा अर्थ असा: विषयांचा आहार तोडला की विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत उरते. परम तत्त्वाचं दर्शन झालं की ती गोडीही जाते.

हा श्लोक मला कळला तो कामरगावच्या माझ्या मावसभावामुळे. दादाने डॉक्टरांच्या मदतीने दारू सोडली, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्याच्या मोबाईलवर दिवस मोजणारं ॲप टाकून दिलं. रोज आकडा वाढायचा, मी पुण्यातून अंगठा पाठवायचो. ९६ दिवस झाले आणि एका लग्नात तो प्यायला. ॲप शून्यावर. पुढचे आठ दिवस त्याने माझा फोनच घेतला नाही.

शेवटी वहिनीने त्याच्या हातात फोन दिला. तो म्हणाला, "तुया मोबाईलवर शून्य आलं, म्हंजे ते ९६ दिवस बी मी पेलोच होतो काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्यसनमुक्ती म्हणजे न पिण्याचे सलग दिवस, अशी व्याख्या मीच करून ठेवली होती.

मग जरा वाचलं. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-५ (२०१३) या निदानपुस्तिकेत व्यसनाची लक्षणं किमान ३ महिने नसली तर 'सुरुवातीची' आणि १२ महिने नसली तर 'टिकलेली' सुधारणा मानतात. पण एक लक्षण यातून वगळलंय: तलफ. ती येत असली तरी सुधारणा धरतात. गीतेने सांगितलेली उरलेली गोडी हीच की! म्हणजे तलफ आली म्हणून हरलो, असं नाही. २००७ मध्ये बेटी फोर्ड इन्स्टिट्यूटने बोलावलेल्या तज्ज्ञांनी तर व्याख्येत तीन गोष्टी धरल्या: नशेपासून दूर राहणं, स्वतःचं आरोग्य आणि आजूबाजूच्यांशी जबाबदारीने वागणं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, तिथे रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. कारण माणूस किती सुधारला, हे घराला आधी कळतं.

आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा आठवा. वडील दारूपायी गेलेले. लेकीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी गोड जेवण घातलं. नुसती दारू काढली नाही, तिच्या जागी पंगतीत दुसरं काही वाढलं.

आता ४० वा श्लोक. या वाटेवर केलेली सुरुवात वाया जात नाही, थोडंसं आचरणही मोठ्या भयातून तारतं. भगवंत इथे कर्मयोगाबद्दल बोलतायत, पण दादाच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडलं. ही पिण्याची सूट नव्हे बरं का. पडल्यावर उठायचं बळ आहे.

मी ॲप काढून टाकलं. आता एका वहीत न प्यायलेले एकूण दिवस लिहितो. ते ९६ त्यात आहेत. दर रविवारी फोनवर मी, दादा आणि वहिनी तीन प्रश्न बघतो. तलफ आली तेव्हा कुणाला सांगितलं? सोयाबीनचे पैसे घरी आले का? पोरगी न घाबरता जवळ आली का? तिसऱ्याचं उत्तर वहिनीच देते. मागच्या लग्नाला दोघं सोबत गेले आणि जेवून लगेच परतले.

कालपर्यंत दादा पुन्हा प्यायलेला नाही. उद्याचं मला माहीत नाही, त्यालाही नाही. आजचा दिवस मात्र हातात आहे.

आजचा अभ्यास: तुमचा जप, व्रत, मोबाईल सोडायचा संकल्प, काहीही तुटलं असेल तर 'पुन्हा शून्य' म्हणू नका. जिथे थांबलात, तिथून पुढचा मणी ओढा. आणि घरात कुणी रोज पिणारं असेल, तर एकदम बंद करायला लावण्याआधी डॉक्टरांना नक्की भेटा. अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं.

राम कृष्ण हरी.