बचत गटाबाहेरची घरे



आपल्या पारोळा तालुक्यात बचत गट म्हणजे काय हे आता कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १० ते २० जणी, ठरलेल्या दिवशी बैठक, सगळ्यांची सारखी बचत, त्यातूनच गरजवंतीला कर्ज आणि वहीत पैशापैशाचा हिशेब. १९९२ साली नाबार्डने असे गट बँकेशी जोडायला सुरुवात केली आणि तारण ठेवायला शेत नसलेल्या बाईलाही कर्ज मिळू लागले. कपाशीच्या पेरणीला सावकाराकडे जाणे जिचे टळले, तिला याचे मोल विचारावे.

पण दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी बाई बैठकीला येणार कशी? हप्ते थकले की नाव कमी होते. गटाला दोष देता येत नाही, तो शिस्तीवरच उभा असतो.

मग दानपेटीतले पैसे गटाला द्यावेत का? आम्हाला तसे वाटत नाही. फुकटचा पैसा आला की परतफेड सैल होते. दान त्या घरीच जावे. फ्रेडरिक ओझानामने विसाव्या वर्षी, १८३३ साली, पॅरिसमध्ये मित्रांसह संत व्हिन्सेंट दी पॉल संस्था सुरू केली, तिचे मुख्य काम गरिबाच्या घरी जाऊन भेटणे हेच. आधी बसायचे, ऐकायचे, मग मदत.

आणि हिशेब? संत पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथकरांना दर आठवड्याला थोडे बाजूला काढायला सांगितले, अगदी गटासारखे! ती रक्कम पोहोचवायला माणसेही त्यांनीच निवडायची होती.

दसऱ्याआधी आपापल्या गल्लीत एवढे विचारून ठेवावे: मागे म्हातारे कोण राहणार, शाळेतली मुले कुणाकडे?