अग्निबाणाचे दोन मार्ग

वेर्नर फॉन ब्राउन ह्यांचा जन्म १९१२ सालीं जर्मन साम्राज्यांत झाला. बाळपणापासून त्यांस अंतराळप्रवासाचा ध्यास होता. परंतु पीनेम्युंडे येथें त्यांनीं व्ही-२ हा युद्धोपयोगी अग्निबाण सिद्ध केला. १९४४ सालीं तो लंडनवर कोसळूं लागला. डोरा छावणींतील बंदिवानांकडून हे बाण सक्तीनें घडवून घेत. तेथें हजारों बंदिवान मरण पावले. त्या कारखान्यांत फॉन ब्राउन ह्यांचें जाणेंयेणें होतें.

१९४५ सालीं ते अमेरिकेस गेले. त्यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या ३६३ फूट उंच सॅटर्न-५ अग्निबाणानें १९६९ सालीं मानवास चंद्राकडे नेलें. १९७७ सालीं ते निवर्तले. त्यांच्या बुद्धीचें कौतुक अवश्य करावें. परंतु त्या बंदिवानांसही विसरूं नये. विद्या कोणाच्या कामीं पडते, हें विद्यावंतानेंच पाहावयाचें असतें.