बारावीची केमिस्ट्री लॅबमध्येही शिका

बारावीचं वर्ष लागलं की वडाळा-माटुंग्याच्या घराघरांत वेळापत्रक भिंतीवर चिकटतं. मॅथ्सला सगळ्यात जास्त तास, त्याखालोखाल फिजिक्स, आणि केमिस्ट्री? ‘ती शेवटी पाठ करून टाकू.’ मुलांचं सर्वांत जास्त नुकसान या एका वाक्यानं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी गुणांचं बोलू. बोर्डाला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. एमएचटी-सीईटीत केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, ५० गुणांचे. नीटमध्ये ७२० पैकी १८०. शिवाय सोळा धड्यांपैकी सोल्यूशन्स, आयॉनिक इक्विलिब्रिया, थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कायनेटिक्स हे धडे गणितासारखे सोडवूनच येतात. हॅलोजन डेरिव्हेटिव्हपासून अमाइनपर्यंतचं ऑरगॅनिक एका दमात वाचलं, तर कोणत्या अभिक्रियेतून काय तयार होतं याची साखळी लागते. सुटं सुटं पाठ केलं की दिवाळीपर्यंत सगळं पुसलं जातं.

आता प्रॅक्टिकल. क्लासच्या धावपळीत सर्वांत आधी बुडतं ते हेच. दुसऱ्याचं जर्नल उतरवायचं, ‘एक्स्टर्नल’च्या आदल्या रात्री रीडिंग पाठ करायचं. पण ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन स्वतःच्या हातानं करून बघा. फ्लास्कमध्ये सल्फ्युरिक ॲसिड घालून द्रावण गरम केलेलं असतं. ब्युरेटमधून पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग जाता जात नाही. मूल घाबरतं, काहीतरी चुकलं म्हणतं. मग पुढचे थेंब पडताक्षणी रंगहीन होऊ लागतात. कारण अभिक्रियेत तयार झालेले मँगनीजचे आयनच तिचा वेग वाढवतात. कायनेटिक्सच्या धड्यातला कॅटॅलिस्ट इथे डोळ्यांदेखत काम करतो. परमँगनेट इतकं गडद असतं की रीडिंग खालच्या वक्राऐवजी वरच्या कडेला घ्यावं लागतं, हेही ब्युरेटपुढे उभं राहिल्यावरच पक्कं लक्षात राहतं.

पालकांचा खरा प्रश्न वेगळा असतो: ‘यात पुढे काय?’ वडाळ्याच्या पालकांनी हा प्रश्न विचारावा याचं मला वाईट वाटतं. वडाळा स्टेशनवरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, नाथालाल पारेख मार्गावर, इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणजे आयसीटी ही संस्था आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली. जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात. रघुनाथ माशेलकर इथलेच, १९६६ चे केमिकल इंजिनीअर. डॉ. रेड्डीज उभी करणारे अंजी रेड्डी इथेच शिकले. केमिकल इंजिनीअरिंगसोबत रंग, पॉलिमर, तेलं, अन्न, औषधं अशा शाखांतही इथे बी.टेक. करता येतं. प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा चालतात. बी.टेक.ला मॅथ्स लागतंच. बायोलॉजी घेतलेल्यांना बी.फार्म.चा रस्ता मोकळा आहे.

सीईटीत कमी पडलं तर घरात सुतक पाळू नका. खालसा किंवा रुईयातून केमिस्ट्रीत बी.एस्सी. करून आयआयटीच्या जॅम परीक्षेनं एम.एस्सी.ला जाता येतं, आयसीटीतही एम.एस्सी. आहे. तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे इथल्या कारखान्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नेमकं मोजू शकणारा हात लागतो. तो बारावीत बसायला लागतो.

म्हणून पुढच्या पालकसभेत टेस्ट सिरीजबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा: लॅब दर आठवड्याला होते का, आणि ब्युरेट प्रत्येक मुलाच्या हातात येतं की चौघांत एक? उत्तर गुळमुळीत आलं, तर चार पालक मिळून प्राचार्यांना भेटा. सप्टेंबरच्या आत भेटा; प्रिलिम जवळ आली की लॅबसाठी कुणालाच वेळ नसतो.