बिडी आणि मेंदूतील निकोटिनचे ग्राही

प्रश्न : अनेक वर्षे बिडी ओढणाऱ्याच्या मेंदूत कोणता बदल होतो आणि तो भरून येतो का?
– एक वाचक, खटकचिंचोळी (ता. भालकी, जि. बीदर)

उत्तर : मेंदूतील पेशींवर ॲसिटिलकोलीन या नैसर्गिक संदेशवाहक रसायनासाठी ग्राही, म्हणजे विशिष्ट रेणू चिकटताच उघडणारी प्रथिनांची दारे असतात, निकोटिन त्याच जागी बसून सुखद भावनेशी निगडित असलेले डोपामिन स्रवायला लावते, परंतु निकोटिन तिथून लवकर दूर होत नसल्यामुळे ग्राही काही काळ प्रतिसादशून्य होतात आणि हा मारा वर्षानुवर्षे चालू राहिल्यास त्यांची संख्याच वाढते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॉडी आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात सिगारेटच्या एकदोन झुरक्यांनीच मेंदूतील अशा प्रमुख ग्राहींपैकी सुमारे निम्मे व्यापले गेल्याचे आढळले. रात्रभरात हे वाढीव ग्राही बरेचसे रिकामे होत असल्यामुळे सकाळची पहिली बिडी टाळणे सर्वांत अवघड जाते, आणि त्यावरून घरच्यांनी त्या माणसाला दुबळ्या मनाचा म्हणून हिणवणे सर्वस्वी अन्यायाचे ठरते.

बिडी पूर्ण सोडल्यास ही संख्या साधारणतः ६ ते १२ आठवड्यांत धूम्रपान न करणाऱ्यांच्या पातळीवर येते; तोपर्यंतची चिडचिड आणि निद्रानाश सुसह्य करण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगम घेता येते, तसेच १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते.