एका खोलीतील अनेक खिडक्या

(द्वितीय वर्ष, कला)

संगणक म्हटला की आपणां कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या मनात बहुधा दोनच भावना उभ्या राहतात. एक भीतीची आणि दुसरी उपेक्षेची. तो विषय शास्त्र शाखेच्या मंडळींचा, आपले काम कवितेशी आणि इतिहासाशी, असे मानून आपण मोकळे होतो. मीही तसाच मोकळा झालो होतो. परंतु गेल्या वर्षी घडलेल्या एका प्रसंगाने माझे डोळे उघडले. त्यातून जे शिकलो ते माझ्या सहाध्यायांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कात्रजला आम्ही चार माणसे एका खोलीत राहतो. सकाळी अंथरुणे उचलली की तीच खोली स्वयंपाकघर होते, दुपारी तेथेच आईचे शिलाईचे मशीन चालते आणि रात्री भांडी आवरल्यावर तीच माझी अभ्यासिका बनते. या खोलीत एका कचेरीने मोडीत काढलेला जुना संगणक आला. त्याची मेमरी अवघी दोन गिगाबाइट. विंडोज ११ ला किमान चार गिगाबाइट लागतात, आणि विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तेव्हा हे यंत्र भंगारातच जायचे. पण माझ्या आतेभावाने त्यावर लिनक्स बसवून दिले आणि सोबत 'एक्सएफसीई' नावाचे हलके डेस्कटॉप दिले. ऑलिव्हिए फूर्दां या गृहस्थांनी १९९६ साली सुरू केलेल्या या प्रकल्पाचे बोधचिन्ह आहे उंदीर. लहान, चपळ आणि थोडक्यात भागवणारा!

आता तो प्रसंग. मराठीचा ट्यूटोरियल निबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. पडद्यावर चार खिडक्या उघड्या होत्या : एका जुन्या पुस्तकाची प्रत, मोल्सवर्थचा शब्दकोश, कच्ची टिपणे आणि प्रत्यक्ष निबंध. टिपणे व निबंध दोन्ही लिबरऑफिसमध्ये, त्यामुळे दोहोंचे चिन्ह अगदी एकसारखे. रात्री साडेअकराला कच्ची टिपणे बंद करतो आहे अशा समजुतीने मी निबंधच बंद केला. 'जतन करायचे का?' असे यंत्राने विचारलेही. मी घाईने 'नको' म्हटले. अडीच पाने गेली. पहाटेपर्यंत बसून ती पुन्हा लिहिली, पण पहिल्यासारखी उतरली नाहीत. "आपल्याला जमायचं नाही हे," असे मी म्हणालो तेव्हा आई एवढेच बोलली, "अरे, सगळे डबे सारखे दिसत असतील तर त्यावर नावं लिही की!"

या वाक्याने मला विचार करावयास लावले. दोष माझ्या घाईचा होता हे खरेच. पण खिडक्या ज्या रीतीने माझ्यापुढे येत होत्या ती रीत बदलता येते, हे मला ठाऊकच नव्हते.

प्रथम मूळ व्यवस्था समजून घेऊ. 'आल्ट' ही कळ दाबून धरून 'टॅब' दाबली की एका खिडकीतून दुसरीत जाता येते. ही सोय विंडोजच्या १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीतही होती. खिडक्यांचा क्रम उघडण्याच्या वेळेवरून लागत नाही, तर अलीकडच्या वापरावरून लागतो. सर्वांत शेवटी वापरलेली खिडकी सर्वांत पुढे. फळीवर मिठाचा डबा नेहमी हाताशी येतो आणि वर्षातून एकदा लागणारा साचा मागे सरकतो, तसेच हे. म्हणून एकदाच आल्ट-टॅब दाबले की आपण नुकत्याच सोडलेल्या खिडकीत परततो. शब्दकोश आणि निबंध यांत ये-जा करणाऱ्यास ही रीत फार उपयोगी आहे. आल्ट न सोडता टॅब पुनःपुन्हा दाबल्यास पुढच्या खिडक्या येतात, शिफ्टही दाबल्यास उलट दिशेने जाता येते, आणि विचार बदलला तर एस्केप दाबून रद्द करता येते.

एक्सएफसीईमध्ये 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' नावाचे सेटिंगचे दालन आहे व त्यात 'सायकलिंग' हे पान आहे. तेथे छोट्या चौकटींत खुणा करावयाच्या असतात. एक ओळही कोड लिहावा लागत नाही. या पानाने माझ्या अडचणीला नेमके उत्तर दिले. चिन्हांच्या ओळीऐवजी खिडक्यांची यादी दाखवावी, अशी एक चौकट तेथे आहे. तीवर खूण केल्यापासून प्रत्येक खिडकीचे नाव एकाखाली एक दिसते. 'निबंध' आणि 'टिपणे' आता एकसारखे दिसत नाहीत. डब्यांवर नावे आली! निवडलेल्या खिडकीभोवती चौकट आखण्याची सोयही तेथेच आहे. ती मी चालू ठेवली.

दुसरी खूण 'फोकस' या पानावरची. आपण टंकलेखन करीत असताना एखादी नवी खिडकी मध्येच उगवते आणि आपली अक्षरे तिच्यात पडू लागतात. या आगंतुकास अडवण्याची चौकटही तेथे आहे.

तिसरा बदल मात्र खिडक्यांचा नसून खोल्यांचा आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रातील हेंडरसन आणि कार्ड या दोन संशोधकांनी १९८६ साली 'रूम्स' नावाची कल्पना मांडली. पडदा लहान, खिडक्या फार; मग एकेका कामाच्या खिडक्या एकेका 'खोलीत' ठेवाव्यात आणि माणसाने खोली बदलावी. आज तिलाच वर्कस्पेस म्हणतात. मी दोन खोल्या ठेवल्या आहेत. एक अभ्यासाची, दुसरी इतर उद्योगांची. कंट्रोल व आल्टसह डावा-उजवा बाण दाबला की खोली बदलते. सर्व खोल्यांतील खिडक्या एकाच यादीत आणणारी चौकट मात्र मी मुद्दाम कोरी ठेवली, कारण मग भिंत घालण्याचा अर्थच उरत नाही. आम्हांला घरात जी दुसरी खोली मिळाली नाही ती पडद्यावर तरी मिळाली, असे गमतीने म्हणावेसे वाटते.

येथे एक कबुलीही द्यावयास हवी. नव्या उत्साहात मी दिसेल त्या चौकटीवर खूण केली होती. टॅब दाबताच प्रत्येक खिडकी वर उसळावी, खिडक्यांची छोटी चित्रे दिसावीत, कळाही निराळ्या असाव्यात! परिणाम असा झाला की जुने यंत्र धापा टाकू लागले आणि माझे हात गोंधळले. आठवड्याने बहुतेक खुणा पुसल्या. ज्या बदलामागे स्वतःची एखादी अडचण नाही, तो बदल करू नये, हा धडा त्यातून मिळाला.

या सर्व खुणा ज्याच्या त्याच्या खात्यापुरत्याच असतात, हेही महत्त्वाचे आहे. माझी धाकटी बहीण दहावीत आहे. तिचे खाते वेगळे असल्याने माझी यादी तिच्यावर लादली जात नाही. तिला चिन्हांची ओळच आवडते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. अशा विद्यार्थ्याला एक सवय असते. वेळापत्रक असो, अर्ज असो की यंत्र असो, जे जसे हाती येईल ते तसेच स्वीकारायचे आणि जमले नाही तर दोष आपल्याच बुद्धीला द्यायचा. परंतु पडद्यावरील खिडक्यांचा क्रमदेखील कोणा माणसानेच ठरवलेला असतो, आणि आपल्या कामाची रीत निराळी असेल तर तो बदलण्याची मोकळीक आपल्याला असते, ही जाणीव मला या छोट्याशा उद्योगाने दिली. अडीच पाने गेली त्याचे दुःख आहेच. पण त्यानंतर एकही पान गेलेले नाही.