व्हायरस गेला, पण वाय-फाय चालेना!

लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला, अँटिव्हायरसने तो पकडून काढलाही. परंतु त्यानंतर वाय-फायवर इंटरनेट चालेनासे झाले, अशी तक्रार अनेक दुकानदार व कारागीर बंधू करतात. आजच्या धंद्यात ही अडचण लहान नाही. परराज्यात ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल पाठवायचा तर ई-वे बिल लागते, जीएसटीचे विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते. टेम्पो दारात उभा असताना इंटरनेट बंद पडले की माणूस गडबडतो, आणि दुरुस्तीवाला "फॉरमॅट मारावे लागेल" म्हणाला की लगेच मान डोलावतो. कॉपी काढून ठेवलेली नसेल तर त्या फॉरमॅटमध्ये टॅलीचे हिशेब, उधारीच्या याद्या, भरतकामाची डिझाइन्स सारेच जाते. या एका तक्रारीसाठी इतके टोक गाठण्याची सहसा गरज नसते.

असे का होते ते आधी समजून घ्यावे. अनेक व्हायरस लॅपटॉप आणि इंटरनेट यांच्यामधल्या रस्त्यावर पूर्वीच्या जकात नाक्यासारखा आपला नाका उभारतात. येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्या हातातून जाते. अँटिव्हायरस नाक्यावरचा माणूस हटवतो, पण आडवा टाकलेला बांबू तसाच राहतो. म्हणून रस्ता बंद!

याचे मोठे उदाहरण 'डीएनएस चेंजर' या व्हायरसचे आहे. इंटरनेटवर संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी जी व्यवस्था असते, तिला डीएनएस म्हणतात. इस्टोनियातील एका टोळीने २००७ पासून सुमारे ४० लाख संगणकांत ही सेटिंग बदलून लोकांना आपल्या खोट्या पत्तेवहीकडे वळवले. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी उघडकीस आणली. तथापि खोट्या सर्व्हर एकदम बंद केल्या असत्या तर लाखो लोकांचे इंटरनेट त्याच क्षणी थांबले असते. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्या जागी चांगल्या सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवल्या गेल्या. त्या दिवसानंतरही ज्यांची सेटिंग बदललेलीच होती, त्यांना मोडेम, वायर सर्व ठीक असूनही संकेतस्थळे उघडेनात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे व्हायरस खरोखर गेला आहे याची खात्री. हिशेबाचा फोल्डर व डिझाइनच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात. कोणताही प्रोग्राम अथवा सेटअप फाइल मात्र घेऊ नये, नाहीतर रोगही सोबत जातो. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये 'ऑफलाइन स्कॅन' हा पर्याय निवडावा. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उघडण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा राहत नाही. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची, जे २०१७ मध्ये सुरू झाले, सफाईची साधनेही मोफत मिळतात. ती दुसऱ्या चांगल्या संगणकावर उतरवून आणावीत.

त्यानंतर बिघाड कोठे आहे ते ओळखावे. दुकानातला मोबाइल त्याच वाय-फायवर चालतो का? चालत नसेल तर लॅपटॉपला दोष देण्यात अर्थ नाही. मोबाइल चालतो, पण लॅपटॉपवर वाय-फायची नावेच दिसत नाहीत, असे असेल तर प्रथम फ्लाइट मोड पाहावा. (हसू नका, अनेकदा तेवढेच निघते!) मग 'सर्व्हिसेस'च्या यादीत 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' ही सेवा चालू आहे का ते पाहून नसल्यास सुरू करावी. तरीही नावे दिसली नाहीत तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायरलेस अडॅप्टर 'अनइन्स्टॉल' करून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. ड्रायव्हर पुसण्याच्या चौकटीत मात्र खूण करू नये.

सर्वाधिक लोक अडकतात ते तिसऱ्या प्रकारात. वाय-फाय जोडलेले दिसते, पण एकही पान उघडत नाही. येथे तो आडवा बांबू शोधायचा असतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी उघडावे. 'युज अ प्रॉक्सी सर्व्हर' आणि 'युज सेटअप स्क्रिप्ट' हे दोन्ही बंद हवेत. तेथे १२७.०.०.१ असा पत्ता आढळला तर तो बहुधा व्हायरसचाच समजावा, कारण या आकड्याचा अर्थ 'हाच संगणक' असा होतो. वाय-फायच्या गुणधर्मांत डीएनएस 'ऑटोमॅटिक' करावे. 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाइल विंडोजच्या सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरात असते. मुळात तिच्या सर्व ओळी # या चिन्हाने सुरू होतात. त्या चिन्हाविना बँकेचे किंवा अँटिव्हायरस कंपनीचे नाव असलेली ओळ दिसली तर ती काढून टाकावी.

एवढे करूनही न जमल्यास 'कमांड प्रॉम्प्ट' ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून इंग्रजी अक्षरांत तीन शब्द टाइप करावेत : नेटश (एन, ई, टी, एस, एच), विनसॉक (डब्ल्यू, आय, एन, एस, ओ, सी, के) आणि रीसेट. शब्दांमध्ये एकेक जागा सोडून एंटर दाबावे व लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. विनसॉक म्हणजे विंडोजमधील प्रोग्रामांना नेटवर्कशी जोडणारी साखळी. व्हायरस तिच्यात आपली एक कडी घुसवतो. कडी पुसली गेली की साखळीच तुटते. या आदेशाने ती मूळ स्थितीत येते. शेवटचा उपाय सेटिंग्जमधील 'नेटवर्क रीसेट'. त्यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत.

मोबाइलवरही भलतीच पाने उघडत असतील तर राउटरची सेटिंग बदललेली असण्याचा संभव असतो. मागच्या बारीक छिद्रातले बटण दाबून राउटर रीसेट करता येतो; परंतु इंटरनेटवाल्याने दिलेले युजरनेम व पासवर्ड हाती असल्याशिवाय ते बटण दाबू नये. रीसेटनंतर राउटरचा मूळ पासवर्ड लगेच बदलावा.

सफाईनंतरही तोच व्हायरस पुन्हा पुन्हा सापडत असेल तर मात्र हट्ट धरू नये. डेटा बाजूला काढून फॉरमॅट करणेच बरे. आणि चोरीची डिझाइनिंग किंवा अकाउंटिंग सॉफ्टवेअरे, जी "आधी अँटिव्हायरस बंद करा" असे सांगतात, ती पुन्हा टाकू नयेत. दोनपाच हजार वाचवायला गेलेल्यांच्या घरी हा पाहुणा बहुधा त्याच दाराने आलेला असतो.

बँक, जीएसटी व ई-मेलचे पासवर्ड या काळात चोरले गेले आहेत असेच धरून चालावे आणि ते मोबाइलवरून बदलावेत, नुकत्याच साफ केलेल्या लॅपटॉपवरून नव्हे. खात्यातून रक्कम गेल्याचे दिसताच बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.