तिशीनंतरची भरती: खिशाला किती पडते?

अग्निवीरचं दार विशीच्या सुरुवातीलाच बंद होतं. त्यामुळे साताऱ्यात शाहू क्रीडा संकुलावर किंवा सांगलीत आमराईच्या बाजूला पस्तिशीचा कुणी पहाटे घाम गाळताना दिसला, की ओळखीचे हमखास विचारतात, ‘आता कुठली भरती?’ उत्तर आहे टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना. टीएला वयाची अट १८ ते ४२, जवानाला आणि अधिकाऱ्यालाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांना जवळची पलटण म्हणजे कोल्हापूरची १०९ इन्फंट्री बटालियन टीए, मराठा लाइट इन्फंट्री.

तिशीनंतर सैन्यात जायचं म्हटलं की स्वाती महाडिक यांचं उदाहरण घरोघरी दिलं जातं. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये स्वातीताई चेन्नईच्या अकॅडमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. पण ती वाट वीरपत्नींची, वयाची सवलत असलेली. बाकीच्यांनी तिच्या भरवशावर हिशेब मांडू नये.

पैसा बाहेर काढण्याआधी घरीच टेप लावा. टीए जवानाला उंची १६० सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती ७७ आणि फुगवून ८२ लागते. जनरल ड्युटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ हवेत. दंडावर गोंदवलं असेल तर तेही आताच बघा. सर्वसाधारण उमेदवाराला कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे एवढीच मुभा आहे. यातलं काही अडत असेल तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

टीए जवानाच्या भरती मेळाव्याला फी नाही. अधिकारी व्हायचं असेल तर पदवी आणि स्वतःची कमाई लागते. २०२५ च्या जाहिरातीत अधिकारी प्रवेश परीक्षेचं शुल्क ५०० रुपये होतं. भरतीच्या नावाखाली याहून एक रुपयाही कुणी मागितला तर तो सैन्यासाठी मागत नाही, एवढं पक्कं समजा. एजंटाचा धंदा कसा चालतो ते पाहा. ‘काम झालं तरच पैसे’ म्हणून तो दहा जणांची रक्कम आणि मूळ मार्कशीट ठेवून घेतो. दोघं आपल्याच पायांवर पास होतात. उरलेल्या आठांना तो पैसे परत देतो आणि वर प्रामाणिक म्हणून मिरवतो. दोघांचे पैसे मात्र त्याच्या खिशात, काहीच न करता. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका.

अकॅडमी लागतेच असं नाही. पोरांसाठी निवासी बॅच ठीक आहे, पण तिशीतल्या माणसाला विशीतल्यांच्या बॅचमध्ये घातलं की पहिल्याच पंधरवड्यात नडगी धरते. मग महिनाभर फी चालू आणि माणूस घरी. माझं मत, तीन महिने आपल्या गतीने पळा, भरतीच्या धावण्याचे १.६ किलोमीटर दमात यायला लागले की मगच, तेही बीमसाठी (पुल-अप), महिन्याच्या बोलीवर अकॅडमीत जा. वर्षाची फी एकदम भरू नका, पावती घ्या. ‘शंभर टक्के निवड’ अशी हमी देणाऱ्या क्लासपासून लांबच राहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांच्या अशा जाहिरातींवर बंदी घातली आहे. पैसे अडकले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही.

बूट मात्र बरे घ्या, दोन-अडीच हजार बाजूला ठेवा. या वयात गुडघा गेला तर त्याहून महाग पडतो. दात आणि कान आधी दाखवून घ्या. वैद्यकीय तपासणीत दातांचे किमान १४ गुण मोजतात, आणि कानातल्या मळानेही अडतं. कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, विट्याचं ग्रामीण रुग्णालय अशा आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. सांगली सिव्हिल वैद्यकीय शिक्षण खात्याचं, तिथे किरकोळ शुल्क पडतं.

कागदांत नावाचा घोळ सर्वांत जास्त. मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं. आधारवरचं नाव दुरुस्त करायला ७५ रुपये आणि बरेच दिवस, म्हणून हे काम पहिलं. सरपंचाचा चारित्र्याचा दाखला मात्र शेवटी घ्या, सहा महिन्यांहून जुना चालत नाही.

एसटीच्या साध्या गाडीचं भाडं जानेवारी २०२५ पासून सहा किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे. म्हणजे सांगली ते कोल्हापूर शंभराच्या आसपास, साताऱ्याहून दोनशेच्या वर. मेळाव्याच्या आदल्या रात्रीच पोचावं लागतं. रांग अंधारातच लागते, तेव्हा चादर, केळी, पाणी घरून न्या. मेळाव्याभोवती भाव दुप्पट होतात.

आता खरा मोठा आकडा, जो कुणी लिहून ठेवत नाही. बिनपगारी दिवसांचा. टीए ही कायम नोकरी नव्हे. बोलावलं की पगार, घरी असताना नाही. बोलावलेल्या काळात पगार-भत्ते नियमित जवानाइतके, पण पलटणीने किती काळ ठेवायचं ते तुमच्या हाती नसतं. घराचा हप्ता, शाळेची फी, दुकानाचं भाडं यांचा सहा महिन्यांचा हिशेब बायकोसोबत बसून करा आणि तेवढी रक्कम बाजूला असेल तरच निघा. कामावर परत घेण्याची जबाबदारी १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्याने मालकावर टाकली आहे. कारखान्यात किंवा पतसंस्थेत असाल तर अर्जाआधीच हे साहेबांच्या कानावर घाला आणि ना-हरकत पत्र लेखी घ्या.